पाच गुणांचा कलदार

१

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी रंभाने काचेची पेटी आतून पुसायला उघडली आणि हातातलं फडकं तसंच धरून ती उभी राहिली. मखमलीच्या खळग्यात काल संध्याकाळपर्यंत जांभळ्या-मोरपंखी रंगाचा एक जुना रुपया होता. आता तिथे पांढराशुभ्र, लखलखीत रुपया बसला होता.

"सामंतसाहेब, जरा इकडं या," तिने हाक मारली. "ह्याचा पानी येगला हाय."

श्रीरंग सामंत, नाणेमित्र मंडळाचे चिटणीस, चष्मा सावरत आले. त्यांनी आधी रुपया पाहिला. मग दाराजवळचं ताट पाहिलं. संध्याकाळच्या पूजेसाठी सोसायटीच्या पितळी समया रंभाने सकाळपासून चिंचेच्या पाण्यात घातल्या होत्या. सामंतांची नजर ताटावरून पेटीवर आणि पेटीवरून रंभाच्या ओल्या हातांवर गेली. पुढचं सगळं त्यांनी मनातल्या मनात जुळवून टाकलं.

ही गोष्ट १९९८ सालच्या दिवाळीतली. नालासोपाऱ्याजवळच्या आचोळ्यात तेव्हा नव्या इमारती भराभर उठत होत्या, पण दोन इमारतींच्या मधे अजून भाताची खाचरं दिसायची. अशाच एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन भरलं होतं. चाळीस पेट्या होत्या, आणि गर्दी मात्र एकाच पेटीपुढे.

तो रुपया भुईगावच्या आग्नेल तुस्कानो यांचा. १८४० सालचा कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला चांदीचा रुपया, वर तरुण राणीचा चेहरा. आग्नेलच्या आईने तो तपकिरी कागदात गुंडाळून कपाटात ठेवला आणि साठ वर्षं कोणी त्याला हात लावला नाही. त्या कागदाने चांदीला रंग चढवला. काठाला जांभळा, आत मोरपंखी, राणीच्या गालावर पिकल्या आंब्याच्या सालीसारखा तांबूस. येणारे लोक चिठ्ठीवर आपल्या आवडीचं नाणं लिहून पेटाऱ्यात टाकायचे. तीनशे चिठ्ठ्यांपैकी दोनशेच्या वर त्याच रुपयाच्या निघाल्या.

मंडळाचे परीक्षक कौस्तुभ गद्रे यांनी मात्र त्याला दहापैकी पाच गुण दिले होते.

"रूपाला गुण नसतात," ते प्रदर्शनाच्या उद्घाटनालाच म्हणाले होते. "गुण झिजेला असतात. हा रुपया खूप हातांतून फिरलाय. रंग बघून भुलणारे साड्या घ्यायला जावोत."

आणि आता रंगही गेला होता. दुपारपर्यंत कागद तयार झाला. सामंतांनी मजकूर सांगितला, गद्र्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला: पूजेच्या घाईत मी सदर नाणे चिंचेने घासले, वेगळ्या पाण्याने धुतल्याचे मी त्याच वेळी कबूल केले, मंडळाची माफी मागते. रविवारच्या सभेत सही करायची. केली नाही तर पोलिसांत तक्रार, आणि सोसायटीतल्या चार घरांची कामं बंद.

रंभाने कागद वाचला. सातवीपर्यंत शिकलेली होती, सावकाश पण सगळा वाचला.

"सही करनार नाय," ती म्हणाली आणि समया घासायला बसली.

२

त्या चार घरांपैकी एक दुसऱ्या मजल्यावरच्या आशालता तेंडोलकरांचं होतं.

आशालताबाईंनी एकतीस वर्षं मुंबईच्या टांकसाळीत नोकरी केली. कामाच्या टेबलावर नवी नाणी सरकत यायची, आणि वाकडं, पुसट, चिरलेलं दिसलं की बोटाने बाजूला काढायचं. एवढंच काम. निर्दोष नाणी त्यांनी लाखांनी पाहिली आणि त्यातलं एकही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. बाजूला काढलेली मात्र कितीतरी अजून आठवत. एकदा सिंहाच्या जागी नुसता धुकट ढग उमटलेला एक रुपया आला होता. तो वितळायला पाठवताना त्या दिवशी त्यांना डबा गोड लागला नव्हता.

"मावशी, उद्यापासून मी येऊ का नको?" रंभाने दारातूनच विचारलं.

"आत ये आधी. चिंच लावलीस का?"

"तुमीपन इचारताय?"

"मी सगळ्यांनाच विचारणार आहे. तुला पहिल्यांदा विचारलं, कारण तू माझ्या घरातली आहेस."

रंभा जराशी सैलावली. "नाय लावली. पेटीची चावी सामंतसाहेबांनी मना दिली ती काच पुसाला. पेटी उघडली, बगितला, लगेच हाक मारली. मी नासवला असता तर मीच कशाला बोंब मारली असती?"

"मग वेगळं पाणी असं का म्हणालीस?"

"त्याचा पानी येगला व्हता म्हनून." रंभाला प्रश्नच कळेना. "मोत्याला पानी असतो, तसा. त्या रुपयाचा पानी निजलेला व्हता, आतून दिसनारा. ह्याचा पानी पलतो. हलवला की पलतो."

आशालताबाईंचा हात कपावरच थांबला.

हॉलमध्ये तेव्हा असलेल्या चार माणसांनी ते वाक्य ऐकलं होतं. दाराजवळ चिंचेचं पाणी होतं, म्हणून सगळ्यांच्या डोक्यात ताटातलंच पाणी शिरलं. जूचंद्र गावच्या बाईच्या तोंडातला हा पानी म्हणजे नाण्याचं तेज, हे एकालाही सुचलं नाही. कबुलीजबाब म्हणून जे लिहून घेतलं, ती खरं तर पहिली तक्रार होती.

"तुला तो जुना रुपया नीट आठवतो?"

"चार दिस रोज पुसत व्हते की काच. जूचंद्रची हाय मी, मावशी. रंग इसरनार काय?"

तिने गॅलरीतल्या डब्यातून रांगोळीचे रंग घेतले आणि लादीवर बसून रुपया काढला, ताटाएवढा. जूचंद्र हे रांगोळीचं गाव; तिथल्या माणसाच्या चिमटीतून रंग कसा सुटतो ते आशालताबाईंनी दर दिवाळीत पाहिलं होतं, तरी त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. जांभळा काठ, मोरपंखी पट्टा, तांबूस गाल. राणीचे केस मात्र रंभाने एका बोटाने सपाट पसरले.

"केसांच्या बटा नाही काढल्यास?"

"नव्हत्याच. घासून घासून गोला झालेला. अंबाड्यासकट एक गोला."

आशालताबाईंनी पायात चपला घातल्या.

३

हॉलमध्ये सामंत एकटेच होते. नाण्यांचा आणि तिकिटांचा छोटा धंदा होता त्यांचा, नालासोपारा स्टेशनजवळ. बोलताना ते प्रत्येक वस्तूची किंमत मनात करत असत, असं लोक म्हणायचे.

"बघायचंय? बघा. आता काय उरलंय त्यात," त्यांनी पेटी उघडली. "आशाताई, मी तुस्कानोंना ह्याचे चांगले पैसे देत होतो. मुंबईचं गिऱ्हाईक तयार होतं. नाही म्हणाले. आता चांदीच्या भावात जाईल."

"पेटीच्या चाव्या किती?"

"दोन. एक माझी, एक गद्र्यांची. संध्याकाळी पेट्या बंद करून जायचं काम त्यांचं. पण काल तुस्कानोही होते आठपर्यंत. पेटी उघडी ठेवून पोरांना नाणं दाखवत होते. त्यांचंच नाणं, कोण अडवणार?"

आशालताबाईंनी रुपया काठाने उचलला आणि खिडकीच्या उजेडात जरासा तिरका केला.

उजेड नाण्यावरून फिरला. चाकाच्या आऱ्यांसारखा, गोल, सलग. पुन्हा तिरका केला, पुन्हा फिरला.

ही झळाळी त्यांनी एकतीस वर्षं रोज पाहिली होती. ठशाखालून नुकत्याच निघालेल्या नाण्यावरच ती असते. हातात फिरलं की जाते, आणि एकदा गेली की जगातली कुठलीही चिंच ती परत आणत नाही. घासलेलं नाणं पांढरं दिसतं, पण मेलेलं दिसतं. शिवाय राणीच्या कानावरून मागे जाणारी केसांची प्रत्येक बट मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती.

घासल्याने रंग जाईल. केस कसे उगवतील?

हे नाणं कोणी धुतलंच नव्हतं. हे ते नाणंच नव्हतं.

"बघितलंत? वाट लावलीय ना?" सामंत म्हणाले. सकाळपासून त्यांनी स्वतः रुपयाला भिंग लावलंच नव्हतं.

"बघितलं," आशालताबाई म्हणाल्या आणि रुपया हळूच जागेवर ठेवला. चोर त्यांना आता दिसू लागला होता, पण उलटा. चोरून नेलेल्या नाण्याच्या जागी त्याने बाजारात दुप्पट किमतीचं नाणं ठेवलं होतं. असा तोट्यात जाणारा चोर आचोळ्यात कोण राहत होता?

४

दुसऱ्या दिवशी त्या भुईगावला गेल्या. आग्नेल तुस्कानो केळीच्या बागेत पाटाचं पाणी वळवत होते. सत्तरी उलटलेला माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"बस गो बाय," त्यांनी बाकडं दाखवलं. "त्या पोरीला पोलिसात घालू नका असं मी सांगितलं त्यांना. माझं ऐकतंय कोण?"

आशालताबाईंनी आडवळण घेतलं नाही. "आता पेटीत आहे ते नाणं तुमच्या नाण्यापेक्षा महाग आहे. तुमचा फायदा झालाय. माझ्या मनात तुमचंही नाव आहे."

आग्नेल मोठ्याने हसले. "बाय, मला बारीक काय दिसत नाय. केस, अक्षरं, काय नाय. फक्त रंग दिसतो. त्या रुपयात मला तेवढं दिसत होतं. पांढरा रुपया घेऊन मी काय करू? मला तो ताटलीसारखा दिसणार." मग हसू मावळलं. "गद्रे म्हणाला, पाच गुण. मी म्हटलं, बाबा, तुझे पाच तू ठेव. रोज संध्याकाळी मात्र खुर्ची घेऊन त्याच पेटीपुढे बसायचा. मी विचारलं, काय बघतो? म्हणाला, झीज बघतो."

सामंत आशालताबाईंच्या संशयातून सुटले ते त्याच वेळी. किमतीशिवाय ज्याला काही दिसत नाही, तो महाग देऊन स्वस्त घेत नाही. आणि ज्याला रंगाशिवाय काही दिसत नाही, तो रंग देऊन टाकत नाही.

राहिले गद्रे. पण झीज बघणाऱ्या माणसाने झिजलेलं नाणं का न्यावं?

भाऊबीज झाल्यावर एका संध्याकाळी कौस्तुभ गद्रे बँकेतून आले ते थेट मंडळाच्या खोलीत; आशालताबाई तिथे त्यांची वाट पाहत होत्या. वीस वर्षांच्या नोंदवह्या तिथल्या कपाटात ओळीने लावलेल्या. प्रत्येक नाण्याची झीज, टोचे, रेघा, सगळं त्यांच्या हातचं. त्या वह्या दुसरं कोणी उघडत नसे.

"आशाताई, बाईला वाचवायचंय हे समजतं मला," ते सौम्यपणे म्हणाले. "सही करू दे. पोलीसबिलीस मी होऊ देणार नाही."

"म्हणजे न केलेलं कबूल करायचं आणि वर तुमचे उपकार."

गद्रे कपाटातल्या वह्या सरळ करू लागले.

"नासलेल्या नाण्याची नोंद केलीत?"

"केली की." त्यांनी यंदाची वही पुढे केली. *१८४० रुपया, मालक आ. तुस्कानो. चिंचेने साफ केल्याने मूळ रंग नष्ट.* त्यापुढे गुणांचा रकाना. कोरा.

"गुण नाही दिलेत."

"नासलेल्याला काय गुण द्यायचे?"

"मागच्या वर्षी ब्रासोने घासलेल्या पैशाला तीन दिलेत. त्याआधी राखेने घासलेल्या होनाला चार." आशालताबाई पानं मागे उलटत होत्या. "वीस वर्षांत हा एकच रकाना कोरा सोडलात, कौस्तुभराव."

"विसरलो असेन."

"मग आत्ता लिहा."

गद्र्यांनी पेनाचं टोपण काढलं. पेन रकान्यावर नेलं. तिथेच धरून ठेवलं, आणि पुन्हा टोपण लावलं. "रविवारी लिहितो," ते म्हणाले आणि फोन करायचा म्हणून बाहेर गेले.

आशालताबाईंनी १९९५ सालची वही ओढली. त्या वर्षी गद्र्यांनी स्वतःची नाणी मांडली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

५

रविवारी सभेला चाळीस माणसं होती. रंभा मागे उभी. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. टेबलावर माफीचा कागद, त्याच्यावर पेपरवेट.

"सही करायची ना?" सामंतांनी विचारलं.

"त्याआधी एक मिनिट," आशालताबाई उठल्या. "गद्र्यांनी ह्या नाण्याला गुण द्यायचे राहिलेत. ते सगळ्यांसमोर देऊ देत. नुकसान किती झालं ते तरी कळेल."

हे रास्तच होतं. लोकांनी माना हलवल्या. सामंतांनी रुपया गद्र्यांच्या पुढ्यात ठेवला.

गद्र्यांनी भिंग काढलं. ते खूप वेळ पाहत राहिले, बघण्यासारखं काही नवं नसताना. आशालताबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. तीन म्हणाला असता तर तो सुटला असता, निदान अर्धा. एक खोटा आकडा, बस. पण वीस वर्षं ह्या माणसाने आपल्या सख्ख्या भावाच्या नाण्यालाही अर्धा गुण वाढवून दिला नव्हता. चोरी त्याला जमली. खोटे गुण देणं जमेना.

"नऊ," गद्रे म्हणाले.

हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या. "पाचाचे नऊ?" कोणीतरी विचारलं. "चिंचेने?"

"चिंचेने केस उगवत नाहीत," आशालताबाई म्हणाल्या. "तुस्कानोंच्या रुपयाची नोंद ऐका, गद्र्यांच्याच अक्षरातली. 'केसांच्या बटा झिजून एकसंध, गाल सपाट.' हेच रंभाने मला रांगोळीत काढून दाखवलं, वही न वाचता. आता १९९५ ची ऐका. '१८४० रुपया, बटा पूर्ण स्पष्ट, मूळ झळाळी. मागच्या बाजूच्या पानांच्या माळेत डावीकडून तिसऱ्या पानावर बारीक टोचा. नऊ गुण. मालक, कौस्तुभ गद्रे.' सामंत, नाणं उलटं करा. तिसरं पान बघा."

सामंतांनी भिंग घेतलं. मग त्यांनी नाणं आणि भिंग पुढच्या माणसाकडे दिलं. तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं.

"पेटी उघडली तेव्हा रंभा म्हणाली, ह्याचं पाणी वेगळं आहे. तेज वेगळं आहे म्हणाली ती. ह्या हॉलमध्ये सगळ्यात आधी खरं ओळखलं ते तिने, आणि तुम्ही त्याचीच कबुली करून टाकलीत."

गद्र्यांनी नाकारलं नाही. त्यांनी खिशातून एक छोटी डबी काढली आणि उघडून टेबलावर ठेवली. जांभळा, मोरपंखी, तांबूस. घरी ठेवायचाही त्यांना धीर झाला नव्हता.

"मी तुस्कानोंचं नुकसान केलेलं नाही," ते म्हणाले. "दुप्पट मोलाचं नाणं ठेवलं."

"मागायचंस ना बाबा," आग्नेल पहिल्या रांगेतून म्हणाले.

"मागितलं असतं तर सगळ्यांसमोर मागावं लागलं असतं. वीस वर्षं सांगतोय, रूपाला गुण नसतात. कुठल्या तोंडाने म्हणणार होतो, माझे नऊ घ्या आणि तुमचे पाच द्या?" त्यांनी डबी बोटाने जराशी फिरवली. "रोज पेटी बंद करताना वाटायचं, आज एकदाच बघू."

"तुस्कानोंचं नुकसान नाही केलंत," आशालताबाई म्हणाल्या. "आणि हिचं?"

सामंतांनी घाईघाईने माफीचा कागद उचलला आणि फाडायला घेतला.

"फाडू नका," रंभा मागून म्हणाली. ती पुढे आली, वाटेत लोकांनी पाय आवरून घेतले. तिने सामंतांच्या हातातला कागद काढून घेतला, उलटा केला, कोरी बाजू वर करून गद्र्यांपुढे ठेवला. "आता तुमी लिवा. मना चार घरांत दाखवाला लागल."

"रंभाबाई, मी तोंडी माफी—"

"माजी तोंडी घेत व्हतात काय?"

गद्रे खाली बसले. पेन चाललं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला.

रंभाने तो हातात धरून, ओठ हलवत, सगळा वाचला. मग तिने एका शब्दावर बोट ठेवलं.

"'चुकून' लिवलाय तुमी. 'माझ्या हातून चुकून बदल झाला.' चुकून नाय झाला."

गद्र्यांनी तो शब्द खोडला. "काय लिहू मग?"

"जो खरा हाय तो. आवडला म्हनून घेतला."

गद्र्यांनी मान वर करून चाळीस माणसांकडे पाहिलं. कोणीच त्यांच्या मदतीला येईना. आग्नेलनी डबी डोळ्यांजवळ धरली होती आणि ते रंगात हरवले होते.

"लिवा," रंभा म्हणाली. "मी उभी हाय."

गद्र्यांनी लिहिलं, आवडला म्हणून. सुवाच्य अक्षरात, वेलांट्या-मात्रांसकट. खाली सही केली, तारीख घातली. रंभाने शाई वाळेपर्यंत कागद टेबलावरून उचलला नाही.